अपडेट बिघडतं तेव्हा नेमकं काय होतं?

"भाऊ, हे आपोआप अपडेट होणं कायमचं बंद करून द्या." चोपडा असो, पारोळा असो, साक्री असो की शहादा, सेवा केंद्राचा संगणक बघायला गेलं की हे वाक्य ऐकू येतंच. आणि ते उगाच म्हटलेलं नसतं. जुलैचा शेवटचा आठवडा, पीकविम्याची मुदत संपत आलेली, बाहेर सातबारा आणि आधार कार्ड हातात धरून माणसं उभी, आणि पडद्यावर 'अपडेट सुरू आहे, ३० टक्के पूर्ण, संगणक बंद करू नका'. चहा येऊन गार झाला तरी तीसच टक्के. मग चालक वैतागून बटण दाबून धरतो, नाहीतर वीजच जाते. त्यानंतर मशीन उघडतं ते थेट दुरुस्तीच्या पडद्यावर. "बंद पडी गयं" असं एकमेकांना सांगत रांग पांगते. त्या रांगेतल्या प्रत्येकाने त्या दिवसाची मजुरी बुडवलेली असते.

तरीही मी आपोआप अपडेट कायमचं बंद करून देत नाही. त्याचं कारण नीट सांगायला हवं, आणि त्यासाठी अपडेट बिघडतं म्हणजे काय होतं हे आधी समजून घ्यायला हवं.

अपडेट म्हणून जे येतं ते एकाच जातीचं नसतं. काही अपडेट सॉफ्टवेअरमधली चोरवाट बुजवतात, म्हणजे जिथून बाहेरचा माणूस आत शिरू शकला असता ती जागा बंद करतात. काही नव्या सोयी आणतात, बटणं हलवतात, रंग बदलतात. तिसरी जात आपल्याला दिसतही नाही. अँटिव्हायरससारखी सॉफ्टवेअर दिवसातून अनेकदा छोट्या फाइली आणत असतात आणि त्यांत नव्या धोक्यांची ओळख पटवण्याची माहिती असते. या तिसऱ्या जातीला कुणी अपडेट म्हणतच नाही, कारण ती परवानगी विचारत नाही आणि संगणक बंद-चालू करायलाही लावत नाही. आजवरचा एक फार मोठा गोंधळ झाला तो याच जातीच्या फाइलीमुळे.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या फाल्कन नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरसाठी २९१ क्रमांकाची एक छोटी फाइल जगभर पाठवली. फाइल चुकीची आहे हे कळल्यावर १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधली ७८ मिनिटं. तेवढ्यात मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमानतळ, बँका, रुग्णालयं, टीव्ही वाहिन्या, सगळीकडे निळे पडदे. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटावे लागले. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की देशातल्या १० बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ अडचण आली. खान्देशातल्या साध्या दुकानात हे सॉफ्टवेअर नसतंच, त्यामुळे आपली सेवा केंद्रं वाचली. पण चूक कशी झाली ते आपल्यासाठीही महत्त्वाचं आहे.

ती फाइल संशयास्पद हालचाली ओळखण्याचे निकष सांगत होती. निकषांचा तक्ता २१ रकान्यांचा ठरवलेला होता. संगणकात बसलेला प्रोग्राम मात्र २० रकान्यांपुरतीच माहिती पुरवत होता. हा फरक काही महिने तसाच पडून होता आणि काही बिघडलं नाही, कारण आधीच्या फाइलींत २१ व्या रकान्यासमोर 'काहीही चालेल' अशी खूण होती. काहीही चालणार असेल तर तो रकाना वाचायची गरजच पडत नाही. १९ जुलैच्या फाइलीत पहिल्यांदाच तिथे ठरावीक अट आली. प्रोग्राम २१ वी नोंद शोधायला गेला, ती तिथे नव्हती, आणि त्याने मेमरीतली भलतीच जागा वाचायचा प्रयत्न केला. फाइल बाहेर पाठवण्याआधी तपासणारं एक वेगळं सॉफ्टवेअर कंपनीकडे होतं. त्यानेही २१ रकाने येणारच असं धरून फाइलीला पास केलं.

एखादं साधं ॲप असं चुकलं तर ते एकटं बंद पडतं, आपण पुन्हा उघडतो. फाल्कन मात्र विंडोजच्या सगळ्यात आतल्या थरात, कर्नलमध्ये चालतं. व्हायरसला पकडायचं तर तितक्या आत असावं लागतं, हे त्यामागचं कारण. या थरात चूक झाली की विंडोज सगळं कामकाज तिथल्या तिथे थांबवतं, कारण पुढे जाऊ दिलं तर साठवलेली माहितीच खराब होऊ शकते. थांबल्याची खूण म्हणजे तो निळा पडदा. संगणक पुन्हा सुरू झाला की फाल्कन अगदी सुरुवातीलाच जागं होतं, तीच फाइल वाचतं, पुन्हा पडदा निळा. संगणक इंटरनेटपर्यंत पोचतच नसेल तर दुरुस्त फाइल त्याच्यापर्यंत पोचणार कशी? म्हणून ७८ मिनिटांत फाइल मागे घेऊनही, ज्यांच्याकडे ती आधीच पोचली होती अशा असंख्य यंत्रांना माणसाने हात लावावा लागला. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त अत्यावश्यक भागांनिशी सुरू होतं त्या पद्धतीत जायचं, फोल्डर उघडायचं, ती एक फाइल पुसायची. काम काही मिनिटांचं, पण ते प्रत्येक संगणकासमोर बसून करायचं. डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीला सावरायला पाच दिवस लागले आणि त्यांची सुमारे ७ हजार उड्डाणं रद्द झाली.

माझ्या मते या प्रकरणातली खरी चूक २० आणि २१ ची नव्हे. अशा चुका माणसं करणारच, उद्याही करतील. खरी चूक ती फाइल सगळ्यांना एकाच वेळी पाठवण्याची होती.

कपाशीचं नवं वाण बाजारात आलं की आपला शेतकरी काय करतो? दुकानदाराने कितीही वाखाणलं तरी पहिल्या वर्षी सगळं शेत त्या वाणाखाली घालत नाही. अर्धा एकर लावून बघतो, बोंडं कशी धरतात, गुलाबी बोंडअळी किती येते, वजन काय भरतं, आणि मग पुढच्या हंगामात ठरवतो. अपडेटही असंच पाठवता येतं. आधी कंपनीच्या स्वतःच्या संगणकांवर, मग १ टक्का ग्राहकांना, काही तास थांबून १० टक्क्यांना, मग बाकीच्यांना. पहिल्या टप्प्यातली यंत्रं बंद पडू लागली की गाडी तिथेच थांबवायची. गुगलच्या प्ले स्टोअरवर ॲप बनवणाऱ्यांना अशी टप्प्याटप्प्याने सोडण्याची सोय कितीतरी वर्षांपासून आहे. क्राउडस्ट्राइकही आपल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी ग्राहकांना 'एक पायरी मागे राहा' हा पर्याय देत होती. पण तो पर्याय आवृत्तीपुरता होता. निकषांच्या या छोट्या फाइली त्यातून वगळलेल्या होत्या आणि त्या सगळ्यांना लगेच जात. ज्यांनी काळजी घेऊन मागे राहायचं ठरवलं होतं, त्यांचे संगणकही त्या सकाळी पडले. प्रकरणानंतर कंपनीने या फाइलीसुद्धा टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली आणि त्या कधी घ्यायच्या याचं नियंत्रण ग्राहकांना दिलं.

हा प्रकार पहिला नव्हता. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफी या अँटिव्हायरसच्या रोजच्या फाइलीने विंडोज एक्सपीमधल्या एका अत्यावश्यक, निर्दोष फाइलीलाच व्हायरस ठरवलं आणि जगभरातली ऑफिसं बंद पाडली. तिथेही जात तीच, तिसरी, न दिसणारी.

फोनवरचं उदाहरण बऱ्याच जणांना आठवत असेल. मार्च २०२१ मध्ये अँड्रॉइड फोनवर एकाएकी जीमेल आणि इतर कितीतरी ॲप उघडताच बंद व्हायला लागली. लोकांनी ती ॲप काढून पुन्हा टाकली, फोन रिसेट केले. दोष त्या ॲपचा नव्हताच. अँड्रॉइडमध्ये वेबव्ह्यू नावाचा एक घटक असतो, जो इतर ॲपच्या आत वेब पानं दाखवण्याचं काम करतो. बिघडलं होतं ते त्याचं अपडेट. त्याचं अपडेट काढून टाकलं की सगळं पूर्ववत होत होतं. मला यातून मिळालेला धडा व्यवहाराचा आहे. एकाच वेळी अनेक ॲप बिघडली तर त्या ॲपना हात लावायचा नाही, त्यांच्या खाली काय बदललं ते शोधायचं. आपल्याकडे तर हे फार जपायला हवं. नेटवर्क नसलेल्या शिवारात पिकाची नोंद किंवा फोटो ॲपमध्ये साठवून ठेवले असतील आणि ते अजून अपलोड झाले नसतील, तर ॲप काढून टाकताच ती माहितीही जाते.

माहिती जाण्यावरून विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट सांगतो, कारण ती सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सी ड्राइव्ह भरला की आपण 'डॉक्युमेंट्स' हे फोल्डर डी ड्राइव्हला वळवतो. पण वळवताना जुन्या जागेतल्या सगळ्या फाइली हलवतोच असं नाही. नव्या अपडेटने बघितलं, फोल्डर दुसरीकडे वळवलेलं आहे, म्हणजे जुनी जागा रिकामी असणार. आणि ती जागा पुसून टाकली. तिथे राहिलेल्या फाइली गेल्या. चाचणीसाठी आधी अपडेट घेणाऱ्या काही लोकांनी हे आधीच कळवलं होतं, ते गर्दीत हरवलं. २ ऑक्टोबरला सोडलेलं अपडेट मायक्रोसॉफ्टने ६ ऑक्टोबरला थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिलं. यात टप्प्याटप्प्याने सोडण्याचा फायदाही दिसला. झळ बसली ती प्रामुख्याने ज्यांनी स्वतःहून 'अपडेट तपासा' हे बटण दाबलं होतं त्यांना, कारण पहिल्या दिवसांत ते त्यांनाच मिळत होतं. ते बटण उगाच दाबत बसू नका, असं मी सगळ्यांना सांगतो. ते दाबणं म्हणजे स्वतःहून पहिल्या रांगेत जाऊन उभं राहणं.

मग बंदच का करायचं नाही?

१४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका गंभीर चोरवाटेवरचं अपडेट दिलं. जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे २०१७ ला, त्याच चोरवाटेने वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. फाइलींना कुलूप, उघडायचं तर पैसे द्या. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. ज्यांनी मार्चचं अपडेट घेतलं होतं त्यांच्या संगणकांत त्याला त्या वाटेने शिरता आलं नाही. अपडेट आलं की त्यातून चोरवाट नेमकी कुठे होती हे चोरांनाही कळतं, आणि न घेणाऱ्याचा धोका त्या दिवसापासून वाढत जातो. बिघडलेलं अपडेट दिवस बुडवतं. न घेतलेलं अपडेट गावातल्या शेकडो लोकांचे आधार, बँक खाती आणि सातबारे चोराच्या हाती देऊ शकतं. सेवा केंद्राच्या संगणकात काय काय असतं ते आठवा. विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आपल्याकडची कितीतरी मशीन अजून त्यावरच चालतात, काही तर विंडोज ७ वर. मला बिघडलेल्या अपडेटपेक्षा या मशीनची काळजी जास्त वाटते.

एक कठीण प्रकार आणखी आहे. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेट सर्व्हरमध्ये चोर आधीच शिरलेले होते आणि २७ जून २०१७ ला खऱ्या वाटेनेच नॉटपेट्या हा विध्वंसक व्हायरस ग्राहकांपर्यंत पोचला. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीत गेला आणि आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. रावेर-यावलची केळी आखाताकडे जाते ती याच बंदरातून. अपडेटची वाट खरी असली तरी आतला माल तपासलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. आपण एवढंच करू शकतो की खोट्या वाटेने काही घ्यायचं नाही. 'केवायसी अपडेट', 'चलान ॲप', 'योजनेचं नवीन ॲप' म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे ॲप बसवणारी फाइल, कधीही उघडायची नाही. १९ जुलैच्या गोंधळातही काही तासांतच 'दुरुस्ती इथे मिळेल' म्हणणाऱ्या खोट्या वेबसाइट उभ्या राहिल्या होत्या.

आता आपल्या विजेचं. अपडेट डाउनलोड होताना वीज किंवा नेट गेलं तर सहसा काही बिघडत नाही, कारण फाइल पूर्ण आणि अस्सल आहे का हे तपासल्याशिवाय ती वापरली जात नाही. धडगाव-मोलगीच्या डोंगरात नेट दहा वेळा तुटलं तरी भीती नाही. धोका आहे तो बसवताना, म्हणजे पडद्यावर टक्के मोजले जात असताना. तेव्हा जुन्या फाइली काढून नव्या लिहिल्या जात असतात. विंडोज बहुतेक वेळा मागे फिरतं, पण दर वेळी नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बायोसचं, म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामचं, अपडेट अर्धवट राहणं, कारण मग मदरबोर्डच सुरू होत नाही. फोनमध्ये यावर चांगला उपाय निघालाय. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, अनेक फोनमध्ये प्रणालीच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे. चालू प्रतीला हात न लावता नवी दुसऱ्या जागेत लिहिली जाते. नवी सुरू झाली नाही तर फोन आपोआप जुनीवर परततो. नवा फोन घेताना ही सोय आहे का हे जरूर विचारा.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी माझा सल्ला असा. मायक्रोसॉफ्टची महिन्याची सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून बुधवारी सकाळी दुकान उघडताच मशीन अडकलेलं दिसतं. सेटिंगमध्ये कामाचे तास १८ तासांपर्यंत ठरवता येतात, त्या वेळात मशीन स्वतःहून बंद-चालू होत नाही. विंडोज ११ मध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत पुढे ढकलता येतात. मुदतीच्या दिवसांत ढकला, पण काम संपलं की लगेच घ्या. दोन मशीन असतील तर एकाला आधी घेऊ द्या, त्यावर प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र दोन-चार दिवस चालवून बघा, मग दुसऱ्याला. बसवायला संध्याकाळी लावा, इन्व्हर्टर भरलेला असताना. कामाच्या फाइलींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि ती डिस्क एरवी काढून ठेवा.

आणि एक काम आजच करा. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कला बिटलॉकरचं कुलूप बऱ्याचदा आपोआप लागलेलं असतं, मालकाला पत्ताही नसतो. एखादं अपडेट बिघडलं की पडदा ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतलं काहीही परत मिळत नाही, माझ्यासारखा कुणी आला तरी नाही. क्राउडस्ट्राइकच्या वेळी काही कंपन्यांची हीच अडचण झाली. किल्ल्या ज्या सर्व्हरवर होत्या तेच बंद पडले होते. आपली की सहसा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती बघून वहीत लिहा, वही घरी ठेवा.

केळीच्या बागायतदारांना वेगळं सांगतो. मोबाइलवरून चालणारे ठिबकचे कंट्रोलर आता बांधावर आले आहेत आणि त्यांनाही अपडेट येतात. अमेरिकेत नेस्ट कंपनीच्या घर गरम ठेवणाऱ्या यंत्रांना डिसेंबर २०१५ मध्ये सदोष अपडेट गेलं. दोष लगेच दिसला नाही, जानेवारीच्या कडाक्यात यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्या आणि घरं गारठली. भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी केळीला पाणी चुकलं तर घड हाती लागत नाही. कंट्रोलर घेताना विक्रेत्याला विचारा की यंत्र पूर्ण बंद पडलं तर व्हॉल्व्ह हाताने उघडतो का, आणि घेण्याआधी तो स्वतः उघडून बघा.

सरकारी ॲप आणि पोर्टल सांभाळणाऱ्यांकडे माझी कळकळीची मागणी आहे. मुदतीच्या शेवटच्या दहा दिवसांत सक्तीचं अपडेट सोडू नका. सोडायचंच असेल तर आधी एका तालुक्यात सोडा, तेही स्वस्त, जुन्या फोनवर आणि कमकुवत नेटवर्कवर चालवून बघून. अक्कलकुवा किंवा साक्रीपासून सुरुवात करा, तिथे चाललं तर मुंबईत चालेलच. जुनी आवृत्ती निदान महिनाभर चालू ठेवा. अपडेटमुळे काम थांबलं तर केंद्रावर अर्ज कागदावर घेण्याची आणि तारखेसह पोच देण्याची सोय करा, आणि ती पोच मुदतीच्या आतला अर्ज म्हणून धरली जाईल असा आदेश आधीच काढून ठेवा.